स्वतःच्या दमावर चालणाऱ्या इंजिनाची शोकसभा

माणसाचे खरे प्रेम दुसऱ्याच्या वस्तूवर अधिक टिकते, कारण तिचे सर्व्हिसिंग दुसरा करतो. या तत्त्वावर उभी असलेली आमच्या भागातली सर्वांत भक्कम संस्था म्हणजे 'जुन्नर-आंबेगाव स्पोर्ट्स कार शौकीन मंडळ' (नोंदणी प्रक्रियेत, गेली अकरा वर्षे). मंडळाचे सभासद त्रेसष्ट. स्पोर्ट्स कार एक.

ती कार नारायणगावचे कापड दुकानदार धरमचंद यांचे चिरंजीव हितेश यांची. हितेशशेठ मंडळाचे सभासद नाहीत. गाडीच्या मालकाला गाडीबद्दल निःपक्ष मत असू शकत नाही, असे मंडळाच्या घटनेतील कलम तीन सांगते. अध्यक्ष अवसरी बुद्रुकचे हौशीराम. त्यांच्याकडे एक ट्रॅक्टर, दोन गाई आणि कान आहेत. त्या लाल गाडीत ते कधीही बसलेले नाहीत. आत बसणाऱ्याला आवाज कळत नाही, असे त्यांचे मत, आणि प्रस्तुत चिटणीसाने ते इतिवृत्तात नोंदवलेले आहे.

दर रविवारी सकाळी सातला हितेशशेठ नारायणगावहून मंचरच्या दिशेने गाडी काढत आणि सभासद महामार्गाच्या कडेला नेमून दिलेल्या जागी उभे राहत. हौशीराम अवसरी फाट्यावर, डोळे मिटून. गाडी समोरून जायला चार सेकंद लागत. (पुढे उसाची ट्रॉली असल्यास चार मिनिटे. असे रविवार सभासदांनी वर्षानुवर्षे जपून ठेवले आहेत.) मग चहा, आणि चहावर त्या चार सेकंदांची चर्चा दहा वाजेपर्यंत. संध्याकाळी हौशीराम फोन करत. "शेठ, आज तिसऱ्या गिअरात जरा जास्तच ओढली." शेठ कबूल करत. अकरा वर्षांत दोघे याखेरीज एका अक्षराने बोलले नव्हते, आणि दोघांना एकमेकांहून जवळचा मित्र नव्हता.

गेल्या दिवाळीत हितेशशेठनी जुनी गाडी देऊन त्याच कंपनीची नवी घेतली. रंग लाल, दारे दोन, आत शिरताना कमरेला होणारा त्रास पूर्वीइतकाच. फरक फक्त इंजिनात. जुने आठ सिलिंडरचे, आपली हवा आपण ओढणारे. नवे चार सिलिंडरचे, आणि त्याला टर्बो. म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात हवा कोंबतो. त्याने इंजिन लहान होते, ताकद वाढते, पेट्रोल वाचते आणि धूर कमी होतो. इतके दोष एकाच यंत्रात एकत्र येणे दुर्मीळच.

पहिल्या रविवारी हौशीराम डोळे मिटून उभे राहिले. सात वाजले. सात वीस झाले.

"आज शेठनी उशीर केला," ते म्हणाले.

"गेली की कवाच," शेजारून कुशाबाई म्हणाल्या. या हौशीरामांच्या पत्नी. फाट्यावर दूध घालायला येतात आणि डोळे उघडे ठेवतात. "त्यांनी हात बी केला तुमाला."

"आन् आवाज?"

"व्हता की. शिलाई मशीन व्हतं ना आपलं, तसा."

हौशीराम किलोमीटरच्या दगडावर बसले ते साडेनऊला उठले.

मंगळवारी मंचरच्या मंगल कार्यालयात शोकसभा झाली. मूळ गाडी पुण्याच्या एका डॉक्टरांकडे उत्तम चालत असल्याने तिच्या फोटोला हार घालावा की नाही, यावर पाऊण तास चर्चा झाली आणि हार फोटोच्या शेजारी ठेवण्यात आला. नंतर टर्बोवर मतदान. विरोधात बासष्ट, तटस्थ एक (डिंभ्याचे भागू, एसटी न आल्यामुळे). विरोधाची कारणे अशी: आत्मा नाही, ३४; आवाज नाही, १९; श्वास बाहेरून द्यायचा तर ती गाडी नव्हे, दवाखाना आहे, ८; पाहुणे काय म्हणतील, १.

त्या संध्याकाळी हितेशशेठनी फोन केला. हौशीरामांनी उचलला नाही. पुढचे सात रविवार ते फाट्यावर गेले नाहीत. "जेवत्यात येवस्थित," कुशाबाईंनी चौकशीला आलेल्या शिष्टमंडळाला सांगितले. "पर सकाळी ट्रॅक्टर चालू करून नुस्तं ऐकत बसत्यात. आन् मग तोंड वाकडं करून बंद करत्यात."

तिकडे नारायणगावातही सुख नव्हते. नव्या गाडीवर खूश असे एकच माणूस घरात होते, हितेशशेठच्या मातोश्री सुमतीबाई. "या गाडीत माझं बोलणं तुला पहिल्यांदाच ऐकू येतंय," त्या म्हणाल्या, आणि अकरा वर्षांचे साठलेले बोलू लागल्या. मंचरपर्यंतच्या रस्त्यात निम्म्याहून अधिक अंतर हितेशशेठच्या वाढलेल्या वजनावर खर्च होई. हितेशशेठ घाटातही नव्वदच्या खाली येईनात, तरी विषय संपेना. आणि संध्याकाळी फोन वाजेना. गाडी कशी गेली हे आता कोणीच विचारत नव्हते.

शेवटी ते मंचरच्या सुभाषकडे गेले. सुभाष मंडळाचा सभासद. धंदा मांडव आणि स्पीकरचा.

"सुभाषभाऊ, जुन्या गाडीचा आवाज कुणाकडे असेल का?"

"त्रेसष्ट मोबाइलात हाय, शेठ. कुठला रविवार पायजे?"

सुभाषने पुढच्या बंपरमागे स्पीकर बसवला आणि त्याची वायर पॅडलला जोडली. पॅडल दाबले की उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेला एक जुना रविवार सुरू होई. मग हितेशशेठनी कुशाबाईंना निरोप धाडला, की या रविवारी हौशीरामांना फाट्यावर घेऊन या.

हौशीराम आले. सवयीने डोळे मिटले. सात वाजता लांबून तो आवाज आला, खर्जातला, भरलेला. आवाज जवळ आला, समोर आला आणि तिथेच राहिला. चार सेकंद झाले, चार मिनिटे झाली. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, चौथ्यात आवाज आभाळाला गेला. हौशीरामांच्या गालांवरून पाणी वाहू लागले. "काय ओढतीय राव," ते पुटपुटले.

"अवो, डोळं उघडा," कुशाबाई म्हणाल्या. "गाडी जॅकवर हाय."

हौशीरामांनी डोळे उघडले. फाट्यावरच गाडी पंक्चर झाली होती. इंजिन बंद होते. हितेशशेठ उकिडवे बसून चाकाचे नट सैल करत होते. वायर कुठेतरी चिकटली असावी. बंद गाडी पाचव्या गिअरमध्ये सुसाट चालली होती. मग आवाज लांब गेला, विरला, आणि बंपरमागून हौशीरामांचाच जुना आवाज आला, "शेठला सांगितलं पायजे, आज लई सुरेख गेली."

हितेशशेठनी एक नट काढून रस्त्यावर ठेवला.

"तुम्ही फोन उचलत नव्हता, भाऊ," हितेशशेठ पान्याकडे बघत म्हणाले. "मला वाटलं, आवाज आला तर उचलाल."

"तुमाला कसं वाटतं नव्या गाडीत?"

"आई बोलते."

हौशीरामांनी मान हलवली. मग खाली बसून त्यांनी चाक उचलायला हात लावला. या गाडीला त्यांचा हात लागण्याची ही पहिलीच वेळ. नट आवळता आवळता ते थांबले.

"म्हंजी शेठ, आवाजाला गाडी लागतच न्हाई."

या एका वाक्याने मंडळाचा कायापालट झाला. स्पीकर कारवरून काढून सुभाषच्या पिकअपवर चढवण्यात आला. पिकअप ताशी दहाच्या वेगाने नेण्यात येते, त्यामुळे पूर्वी चार सेकंदांत संपणारा आनंद आता सहा मिनिटे पुरतो. ही प्रगती आठ हजार नऊशे टक्के आहे. सभासदसंख्या दोनशे चाळीसवर गेली. (पिकअपला टर्बो आहे, हे सुभाषने कोणाला सांगितलेले नाही. इतिवृत्तात तशी नोंद आहे, पण इतिवृत्त कोणी वाचत नाही.) कलम तीन रद्द करून हितेशशेठना सभासद करून घेतले. नवी कार रविवारी घरीच असते, तिने व्यत्यय येतो. ते एसटीने फाट्यावर येतात, हौशीरामांच्या शेजारी डोळे मिटून उभे राहतात आणि पिकअप गेली की दोघे चहाला जातात. हल्ली ते वजनावरही बोलतात.

मंडळ आता तालुक्याबाहेरचे सभासद घेत आहे. पात्रता एकच: गाडी कधी ऐकलेली नसावी, पण मत पक्के असावे. आपण हे सगळे कागदावर वाचलेत, आणि कागदाला आवाज नसतो. तरीही जुनेच इंजिन चांगले होते, हे आपण केव्हाच ठरवून टाकले आहे, काहींनी तर टर्बो म्हणजे काय हे वाचण्याआधीच. सबब आपले नाव दाखल करून घेण्यात आले आहे. आपली जागा मंचरच्या अलीकडे, दुसऱ्या पुलाजवळ. रविवारी पावणेसातला हजर राहावे.