हुसेनचाचांची वासाची पारख

विझत्या मेणबत्तीचा, किंचित गोडसर, घशात मेणाचा पातळ थर ठेवून जाणारा वास. आखातातल्या सनाबिसच्या गॅरेजमध्ये हुसेनचाचांनी माझ्याच गाडीच्या प्लॅस्टिकची कपची जाळून नाकाखाली धरली, तेव्हा तो आला. पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला तो आलाच नव्हता, आणि पुढचे सारे त्यातूनच घडले.

गाडीच्या पोटाखाली इंजिनाला जपणारे प्लॅस्टिकचे कवच असते, हे ते तुटून रस्त्यावर फरफटू लागेपर्यंत मला ठाऊक नव्हते. सगळे म्हणाले, नवीन बसव. चाचांना 'नवीन' हा शब्दच वर्ज्य. रत्नागिरीकडच्या खाडीकाठी जाळी विणणाऱ्या घरात वाढलेला हा साठीचा माणूस तुटके कवच मांडीवर घेई आणि प्रथम तड्याच्या टोकाशी बारीक भोक पाडी. "तडा पळपुटा असतो गो बाय. आधी त्याची वाट अडवायची." मग तापल्या सळईने प्लॅस्टिकची कांडी वितळवत टाके घाली.

मात्र त्याआधी वासपरीक्षा. कवच ज्या जातीचे, कांडीही त्याच जातीची हवी. नाहीतर सांधा धरत नाही. ती जात जळत्या कपचीच्या धुरावरून कळते. पण चाचा स्वतः हुंगत नसत, गिऱ्हाइकाला हुंगायला लावत. अमवाजच्या बंगल्यातली गोरी बाई असो की पठाण ड्रायव्हर, सर्वांनी मुकाट्याने मान वाकवून धूर घेतलेला मी पाहिला आहे.

"तुमची गाडी, तुमचं नाक," ते म्हणत. "मेणासारखा, की झोंबणारा? नीट सांगा. सोयरीक जुळवायची आहे."

पहिल्या खेपेला धुळीच्या वाऱ्याने माझे नाक बंद होते. सांगायला संकोच वाटला. मी ठोकून दिले, "झोंबणारा."

आठ दिवसांनी सखीरच्या रस्त्यावर कवच पुन्हा सुटले. चाकांखाली कुणी पत्रा ओढत नेत असल्यासारखा आवाज. परत आले, तेव्हा चाचांनी उकललेल्या सांध्यावरून नुसता अंगठा फिरवला.

"चूक माझी," मी म्हणाले. "मला सर्दी होती. पण तुम्ही एकदा हुंगून का नाही पाहिलंत?"

ते बराच वेळ कांड्या लावत बसले. लावलेल्याच पुन्हा लावल्या.

"त्या साथीच्या तापानंतर वास मफी, काहीच येत नाही," ते हळूच म्हणाले. "दोन वर्षं झाली. पुढच्या महिन्यात माझा व्हिसा संपतो, मालकानंच वाढवायचा. मालकाला कळलं तर खलास."

तेवढ्यात मालक केबिनमधून बाहेर आलाच. "चाचा, ये कैसे खुल गया?"

चाचांचा हात सळईवर थांबला.

"मेरी गलती है," मी म्हणाले. "स्पीड ब्रेकर पे गाडी ठोक दी."

"लेडीज ड्रायव्हिंग," मालक हसला आणि आत गेला. आयुष्यात इतक्या आनंदाने मी अपमान पचवलेला नाही.

यावेळी मी धूर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हुंगला. मेणाचाच होता. चाचांनी जुने टाके सोलून नवे घातले. कवच बसवून झाल्यावर ते कपाटाकडे गेले आणि सुती ओढणीत बांधलेले एक गाठोडे घेऊन आले. गाठी अजून सोडलेल्या नव्हत्या.

"गाववाल्याबरोबर आलंय. घरवालीनं बांधलंय." त्यांनी ते दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरले. "बघतेस?"

मी मान वाकवली. "सुकट आहे," मी म्हणाले. "चुलीचा धूर आहे. ओढणीला खोबरेल तेलाचा वास आहे, केसांना लावतात तसा."

चाचांनी डोळे मिटले होते.

"आणखी?"