बाजीतात्यांची रशियन टोपी

मे महिन्यात अख्खं इंदापूर कुरडया वाळत घालतं. आमचे शेजारी बाजीतात्या रशियन टोपी वाळत घालतात. केसाळ, करडी, कानांवर झापडं असलेली, चांगली मांजराएवढी. पहिल्या वर्षी आमच्या कुत्र्यानं तिच्यावर भुंकून घसा बसवून घेतला.

तात्यांकडे पूर्वी मेंढरं होती, आता डाळिंबाची बाग आहे. बाग फळली की लोक जीप घेतात, फार तर काशीला जाऊन येतात. तात्यांची बायको, आमच्या हौसाकाकी, गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी, नव्वद साली, तात्या पुण्याच्या एका टूरबरोबर भर हिवाळ्यात रशियाला गेले. सफारी सुटावर घोंगडं पांघरून. मग पुन्हा रशियालाच. मग पुन्हा. मुलं सिंगापूरचं नाव काढत, तर तात्यांचं ठरलेलं उत्तर, "एकदा जाऊन काय दिसतंय? देश लई मोठा हाय."

मध्येच त्या देशाचे तुकडे झाले. माझे यजमान म्हणाले, आता तरी बघून संपला असेल. तात्या शांतपणे म्हणाले, "भावाभावांत वाटण्या झाल्यात. तरी थोरल्याच्या वाट्याला लई रान आलंय."

इतक्यांदा जाऊन आलेल्या माणसाकडून काहीतरी ऐकायला मिळावं, एवढीच आमची अपेक्षा. राजवाडे? "भाईरनं बघितलं." सर्कस? "ती हितं जत्रंत येतीया की." भुयारातली रेल्वे? "खाली उतरलोच न्हाय." हॉटेलबद्दल मात्र भरभरून बोलत. खोलीची कडी, चहाचं भांडं, मजल्यावरच्या किल्ल्या सांभाळत बसलेली म्हातारी. हा माणूस लॉजवर झोपायला रशियाला जातो, असं माझं स्पष्ट मत होतं.

यंदा डॉक्टरांनी छाती तपासली आणि थंडीत जायचं नाही म्हणून बजावलं. थोरल्या मुलानं पासपोर्ट कपाटात बंद केला. तात्या माझ्याकडे आले. थोरला माझा विद्यार्थी, मी कान धरून त्याला पाढे शिकवलेत. तो तुमचं ऐकेल, त्याला सांगा, म्हणाले.

मी म्हटलं, आधी तिथं आहे काय ते सांगा.

तात्यांनी चहा बशीत ओतला. "ती किल्ल्यावाली हाय न्हवं? मी बोडका निघालो का लई बोलती. जिन्यापतुर मागं येती. येक शबुद कळत न्हाय."

"मग टोपी विसरता कशाला?"

"इसरतोय कुठं? खोलीत ठिवूनच निगतो." बशी खाली ठेवून म्हणाले, "हितं समदी व्हय तात्या, व्हय तात्या करत्यात. ही गेल्यापास्नं मला कोन बोललंच न्हाय, बाई."

हौसाकाकी बोलायला लागल्या की भिंतीपलीकडे आमचं दूध उतू जायचं. तात्यांचा सदरा, तात्यांची चप्पल, तात्यांचं खोकणं, काही सुटायचं नाही. आम्हाला वाटायचं, बिचारा माणूस.

मी थोरल्याला काही सांगितलं नाही. कफाच्या छातीला बर्फ मानवत नाही. तात्यांनाही तसं तोंडावर सांगितलं. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारठा होता. मी शाळेला निघाले, तर तात्या फाटकातून बोडक्यानंच बाहेर पडत होते.

"तात्या, छातीत कफ आणि डोक्यावर काही नाही? अक्कल रशियात ठेवून आलात काय? मागं फिरा आधी."

रस्त्यातला दूधवाला थांबला. तात्यांच्या सुनेनं तोंडाला पदर लावला. तात्या खाली मान घालून आत गेले आणि मांजर डोक्यावर चढवून बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बोडके. आता मी शाळेला पाच मिनिटं लवकर निघते.