पाण्याखालचा दिवा आणि ट्रंकेचं कुलूप

"पोहण्याचा तलाव रिकामा करणार? एका बल्बसाठी?" मधुकररावांनी सोसायटीच्या सभेत टेबलावर थाप मारली. "अर्ध्या तासाचं काम! पाण्याखालचा दिवा मी काढतो, मीच बसवतो. थेंबभर पाणी उपसायला नको!"

कोलकात्याच्या डमडम भागातल्या त्या सोसायटीने टाळ्या वाजवल्या. उषाताईंचे हात मात्र मांडीवरच राहिले. सत्त्याहत्तर वर्षांचा नवरा, पाणी आणि वीज! एक्क्याऐंशी साली याच माणसाने 'पाच मिनिटांचं काम' म्हणत बागबाजारच्या घरातला गीझर उघडला होता, आणि न्हाणीघरातून उडून थेट सासूबाईंच्या पुरणाच्या पातेल्याशेजारी येऊन बसला होता. उषाताई काही म्हणता काही विसरत नसत.

पण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. संध्याकाळी कमरेएवढ्या पाण्यात वीस फेऱ्या चालल्या की त्यांचे गुडघे माणसात येत. दिवा गेल्यापासून पंधरा दिवस संध्याकाळचा तलाव बंद, आणि गुडघे गंजक्या बिजागरीसारखे करकरत होते. मधुकरराव हे तोंडाने कधी बोलले नसते. ते टेबलावर थाप मारत.

"अहो, माझी एक अट आहे," उषाताई म्हणाल्या. "मेन स्विचला माझं कुलूप. किल्ली तुमच्यापाशी."

कुलूप पितळी, मुठीएवढं. चौऱ्याहत्तर साली नवी नवरी बिनकुलपाची ट्रंक घेऊन आली, तेव्हा सासूबाईंनी सियालदहच्या बाजारातून घेऊन दिलेलं.

रविवारी साडेचारला मधुकररावांनी मेन स्विचचा दांडा खाली ओढला, त्यात कुलूप अडकवलं आणि किल्ली जानव्याला बांधली. बिघडलेला दिवा तसाही बंदच दिसणार, म्हणून टेस्टर लावून खात्री केली. मग पाण्यात उतरले. वरचा एक स्क्रू काढला, मागचं केबलचं वेटोळं सोडवलं आणि दिवा अलगद काठावर घेतला.

"बघ! सुखरूप बाळंतपण!"

तेवढ्यात क्लबच्या खोलीत कॅरम खेळणारे जमले आणि आरडाओरडा झाला. पंखे लागेनात, त्यांचाही मेन स्विच तोच! सेक्रेटरी घोषालबाबू घामाघूम होऊन बाहेर आले, तरातरा स्विचपाशी गेले आणि दांडा वर ढकलू लागले. दांडा हलेना!

"बौदी, ये ताला किसका है? हथौड़ी लाओ!"

"हमारा है!" बौदी म्हणजे वहिनी, म्हणजे उषाताई, गुडघे विसरून धावल्या. "वो पानी में हैं!"

घोषालबाबूंचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. चेहरा रसगुल्ल्यासारखा पांढरा. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि स्विचपुढे पहारेकरी होऊन बसले. उषाताईंनी मनातल्या मनात सासूबाईंना वाकून नमस्कार केला. पन्नास वर्षांपूर्वी त्या कुलपासाठी म्हातारीने दुकानदाराशी तासभर घासाघीस केली होती!

इकडे नवा बल्ब बसला, नवं रबरी कडं बसलं. दिवा पाण्यात बुडवून पाहिला, एक बुडबुडा नाही. स्क्रू आवळून मधुकरराव विजयी मुद्रेने वर आले आणि त्यांनी जानव्याला हात घातला.

जानवं होतं. किल्ली नव्हती!

"पाण्यात पडली असेल. दिवा लावा, दिसेल," मधुकररावांनी हुकूम सोडला.

"दिव्याचा स्विच कुलपात आहे, अहो."

"मग कुलूप उघडा!"

"किल्ली पाण्यात आहे."

घोषालबाबूंनी कपाळावर हात मारला. कोलकात्याचा सूर्य आधीच मावळायच्या घाईचा, त्यात पंखे नाहीत, डास मात्र हजर. शेवटी सगळ्यांनी पायांनी तळ चाचपायचं ठरलं. घोषालबाबू पँट दुमडून उतरले, कॅरम खेळणारे उतरले. उषाताईंनी तर आशेने साडीखाली पोहण्याचा पोशाख घातलेलाच होता. त्या मधुकररावांचा हात धरून उतरल्या.

"सावकाश गं," ते म्हणाले. "गुडघे सांभाळ."

एक फेरी, दोन फेऱ्या. पाणी उन्हाने कोमट झालेलं. गुडघ्यांची करकर थांबली. हातातला हात शाबूत होता, गरम होता. उषाताईंना वाटलं, याहून जास्त काही मागायचंच नाही.

विसाव्या फेरीनंतर त्या एकदम थांबल्या. "अगंबाई! त्या कुलपाची दुसरी किल्ली आहे की! आपल्या मिसळणाच्या डब्याखाली!"

घोषालबाबू स्वतः धावत जाऊन किल्ली घेऊन आले. तलाव निळाशार उजळला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बौदींच्या स्मरणशक्तीचं तोंडभर कौतुक झालं.

उषाताई लाजून हसल्या. दुसरी किल्ली त्यांना तिसऱ्याच फेरीला आठवली होती!