आठ जणांची रांग आणि एक लाल दिवा

"चाळीस वर्षं बुलेट चालवतोय! मला गाडी शिकवणारा अजून जन्माला यायचाय!"

जानेवारीतल्या रविवारी, सकाळी पावणेसहाला, स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवताना जयसिंहरावांनी हे जाहीर केलं. त्या वेळी ते गाडी शिकायलाच निघाले होते.

त्याचं असं झालं. साताऱ्याकडच्या मूळ गावाहून त्यांचे पूर्वज सव्वादोनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले, ते परत गेलेच नाहीत. माघातल्या जत्रेला आपण परत जायचं, तेही एकट्यानं, बुलेटवरून, हे जयसिंहरावांचं स्वप्न होतं. ते स्वप्न ते उघड्या डोळ्यांनी आणि बहुतेक वेळा गाडी चालवतानाच पाहत. दिवाळीत असेच ते मनानं नीरा नदी ओलांडत असताना बुलेट टोपी बाजारात पेरूंच्या हातगाडीत शिरली. पेरू जिन्सी नाक्यापर्यंत गडगडले असं लोक सांगतात! मुलानं, संग्रामसिंहानं, त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली.

"आबा, दुचाकी सुरक्षेचा एक दिवसाचा कोर्स आहे. नवे, जुने, सगळ्यांसाठी. सर्टिफिकेट आणा आणि किल्ली घेऊन जा."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर ट्रेनचं तिकीट काढतो. लोअर बर्थ."

लोअर बर्थ! शिलेदाराच्या वंशजाला लोअर बर्थ!

म्हणून आज एका दिवसापुरती किल्ली मिळाली होती. दारात उषाताईंनी डबा हातात दिला. "अहो, एक ऐका. गाडी चालवताना फक्त गाडी चालवा."

स्टेशनजवळच्या पडाव चौकाच्या अलीकडच्या मैदानावर ते पोचले तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की लांब केलेला हात परत येईपर्यंत माणसाला काळजी वाटावी. शिकाऊ मंडळी आठ. सगळ्यांच्या अंगात पिवळी चमकदार जाकिटं. शिकवणारे जगदेवराव, फौजेच्या वाहन विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा, की धुक्यालाही सावधानमध्ये उभं करतील.

"धुक्यात चालवायला शिकायचं तर याहून चांगला दिवस नाही! सबसे आगे मी. माझ्या मागं जयसिंहराव, तेच सर्वांत अनुभवी. मग बाकीचे. प्रत्येकानं पुढच्याच्या लाल दिव्यावर नजर ठेवायची. दोन सेकंदांचं अंतर. मैदानाच्या पाच फेऱ्या. बोलायचं नाही, हॉर्न नाही, आणि ज्याचा पाय जमिनीला लागला तो नापास!"

सोनल नावाची एक मुलगी नवीकोरी स्कूटर घेऊन आली होती. तिनं हात वर केला. "सर, सामनेवालाच चुकला तर?"

"सामनेवाला मैं हूँ!"

सोनलनं हेल्मेटची काच खाली ओढली.

रांग निघाली. काय सांगावं ते सुख! जमीन नाही, आभाळ नाही, मधे कापसात ठेवल्यासारखे आपण. खाली बुलेटची धडधड आणि समोर कुंकवाच्या बोटाएवढा एक लाल ठिपका. पहिल्या फेरीत जयसिंहरावांना सह्याद्री दिसला. दुसऱ्या फेरीत गावची वेस दिसली, हलगी ऐकू आली. वेशीवर कुणीतरी विचारत होतं, "लई उशीर केलासा?"

इथे वाचकांना एक गोष्ट आताच सांगितलेली बरी, कारण जयसिंहरावांना ती पुढे अर्धा तास कळणार नव्हती. तिसऱ्या फेरीला जगदेवराव डावीकडे वळले. नेमक्या त्याच क्षणी, मैदानावर चहाच्या किटल्या पोचवून परत निघालेली एक ई-रिक्षा मधे शिरली आणि फाटकातून सरळ बाहेर पडली. तिच्या मागच्या दोन दिव्यांपैकी एक गेलेला होता. जयसिंहरावांना लाल ठिपका दिसला. ते ठिपक्यामागे गेले. सोनल जयसिंहरावांच्या ठिपक्यामागे गेली. अशी ती आख्खी रांग, दोन-दोन सेकंदांचं अंतर राखून, ग्वाल्हेर शहरात उतरली.

"आता रस्त्यावरचा धडा!" जयसिंहराव मनात म्हणाले. "न सांगता! फौजी तो फौजी!"

पडावला ई-रिक्षा थांबली. स्टेशनातून आलेली एक बाई गाठोडं घेऊन चढू लागली. धुक्यात जयसिंहरावांना फक्त एक आकार आणि एक गाठोडं दिसलं.

"वा! ओझं घेऊन चालवायचा धडा!"

पण पंचाईत अशी, की पुढचा थांबला आणि पाय तर टेकायचा नाही! लोअर बर्थ डोळ्यांसमोर तरळला. जयसिंहरावांनी क्षणात निर्णय घेतला आणि त्या लाल दिव्याभोवती हळूच गोल फिरायला सुरुवात केली. मागोमाग सोनल. मागोमाग सगळे. धुक्यातून एकामागून एक दिवे उगवत होते, वळत होते, मावळत होते. कुणी बोलत नव्हतं. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. बाईनं गाठोडं मांडीवर घेतलं आणि हात जोडले.

"भैया, ये लोग कौन हैं?"

"पता नहीं, अम्मा!" रिक्षावाल्याचा आवाज चिरकला. "पर अपने लिए ही आए हैं!"

त्यानं जी रिक्षा पिटाळली, ती सरळ किला गेटच्या पोलीस चौकीसमोर!

तिथे ऊन आलं होतं. धुकं खाली राहिलं आणि वर किल्ला असा तरंगत होता, जणू कुणी तो अलगद उचलून ठेवलाय. जयसिंहराव बघतच राहिले. वेस म्हणावी तर हीच की!

"साहब, बचाओ!" रिक्षावाला चौकीच्या पायरीवर उडी मारून ओरडला. "पूरी गैंग पीछे पड़ी है!"

जयसिंहरावांनी समोर पाहिलं. रिक्षा! मागे पाहिलं. रांग! धक्क्यानं त्यांचा पाय रस्त्याला टेकला.

हवालदारानं मोजायला सुरुवात केली. "एक, दो... सात, आठ, नौ."

"नऊ?" जयसिंहराव म्हणाले. "आम्ही तर आठच!"

रांगेच्या शेवटी, तितकंच काटेकोर अंतर राखून, जगदेवराव उभे होते.

"सुभेदारसाहेब! तुम्ही मागं कसे?"

"मी पुढंच होतो," जगदेवराव खालच्या आवाजात म्हणाले. "मग मला समोर एक लाल दिवा दिसला. म्हटलं, फेरी मारून मीच रांगेच्या शेपटाला लागलोय."

"और इन सबको सिखाता कौन है?" हवालदारानं विचारलं.

आठही जणांनी जगदेवरावांकडे पाहिलं. जगदेवरावांनी किल्ल्याकडे पाहिलं.

रिक्षावाल्याची समजूत चहावर पटली. बाईंनी तर जाता जाता सोनलला आशीर्वाद दिला. उरला प्रश्न सर्टिफिकेटचा.

"माझा पाय टेकला, सुभेदारसाहेब," जयसिंहरावांनी स्वतःच कबूल केलं. "तिकीट काढायला सांगतो मुलाला."

जगदेवरावांनी खिशातून पेन काढलं. "आपण खोटं लिहीत नाही," ते म्हणाले. "पण मागून जेवढं पाहिलं, तेवढं लिहीन."

दुपारी जयसिंहरावांनी तो कागद संग्रामसिंहासमोर टेबलावर आपटला. "घे! पास! चल, किल्ली माझ्याकडेच राहणार!"

संग्रामसिंहानं मोठ्यानं वाचलं, "प्रशिक्षणार्थी घने कोहरे में भी अगले वाहन के पीछे अत्यंत अनुशासन से चलते हैं। वह वाहन कहीं भी जा रहा हो।"

स्वयंपाकघरात उषाताईंना ठसका लागला.

"ठीक आहे आबा, शब्द म्हणजे शब्द," संग्रामसिंह म्हणाला. "किल्ली तुमची. जा बुलेटवरून. मात्र गावापर्यंत मी कार घेऊन तुमच्या पुढं राहीन."

"पुढं?" शिलेदाराचा वंशज कळवळला. "अरे, गावात शिरताना निदान मागं तरी राहा!"

"राहिलो असतो, आबा. पण मग आपण दोघं कुठल्या गावात शिरू?"

जयसिंहरावांनी किल्ली खिशात टाकली आणि फक्त एवढंच विचारलं, "तू चहाला थांबशील ना मधेमधे?"