भरमाण्णाच्या मीटरमधली वाफ

भर उन्हाळ्यात, निपाणीत डांबराला चप्पल चिकटत असताना, ज्याच्या मोटारसायकलीच्या मीटरमध्ये वाफ धरते असा माणूस मी एकच पाहिला. भरमाण्णा. आमच्याच गल्लीतला, माझ्याच वयाचा, सगळा जन्म तंबाखूच्या शेतीत घातलेला. सकाळी देवळातनं आला की माझ्या गॅरेजपुढं गाडी लावायचा आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडायचा, "नोडप्पा, परत वाफ!"

नोडप्पा म्हणजे कानडीत 'बघ बाबा'. त्याचं प्रत्येक बोलणं तिथनंच सुटतं. जेवताना ताटालाही म्हणत असेल.

मी शाळा चौथीत सोडली. पण मीटरमध्ये वाफ का धरते हे मला कुणा इंजिनेरानं शिकवायला नको. काचेखालचा रबरी वायसर कडक झाला की पाणी आत शिरतं, आणि ऊन लागलं की काचेला आतनं धुकं चढतं. मीटर उतरवायचा, उकलायचा, उन्हात वाळवायचा, नवा वायसर घालून बसवायचा. खाली सुईएवढं भोक पाडायचं, म्हणजे आतली दमट हवा निघून जाते. अर्ध्या दिवसाचं काम. खानापूरकडनंसुद्धा लोक त्यासाठी माझ्याकडं गाड्या आणतात.

भरमाण्णाचा मीटर आठ वेळा उकलला. आठ वेळा कोरडा करून दिला. चार दिवसांत परत धुकं. चौकात लोक तोंडावर बोलायला लागले. समोरचा चहावाला म्हणाला, "काका, कप त्या मीटरवरच ठिवू काय? वाफ हायच की तयार." सगळे हसले. हसणाऱ्यात भरमाण्णाही होता. ते माझ्या मनातनं अजून गेलेलं नाही.

त्याचे स्वतःचे उपाय तर ऐकूच नका. एकदा मीटर तांदळाच्या डब्यात पुरला. एकदा तंबाखूच्या पोत्यात. म्हणाला, "नोडप्पा, तंबाखू पाणी ओढती." परत आणला तेव्हा काचेला घाम फुटलेला आणि काट्याला तपकिरी चुरा चिकटलेला. आता पानाचा चुरा होऊ नये म्हणून पोतं भरताना तंबाखूवर पाणी मारतात, हे निपाणीतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि ह्याला ठाऊक नाही? मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी म्हटलं, म्हातारा चळला.

शेवटी एका दुपारी मी त्याच्या घरी गेलो. गाडी कुठल्या ओलीत लावतो ते तरी बघू म्हटलं. घरामागच्या परड्यात भरमाण्णा गाडीपुढं उकिडवा बसला होता. हातात जनावरांना टोचायची पिचकारी. मी पाडलेल्या भोकातनं तो आत पाणी सोडत होता. मी पाडलेल्या!

"भरम्या!" मी ओरडलो.

"हळू बोल. आत पद्मा हाय."

पद्माक्का त्याची बायको. लग्न झाल्यापासनं त्याच्या मागं बसते, त्याच्या खांद्यावरनं काट्यावर नजर ठेवते. काटा चाळीसच्या वर गेला की ह्याच्या कुशीला चिमटा. ते सगळ्या गावानं बघितलंय.

"गेल्या साली म्हणाली, काटा दिसंना," भरमाण्णा खाली बघत म्हणाला. "मी म्हटलं, काचंत वाफ धरली असंल. मग बेळगावला डॉक्टरला दावलं. डोळ्याची नस वाळाय लागली म्हणाला. आपरेशन न्हाय, काय न्हाय. तिला सांगितलं न्हाय मी. घरात म्हणतो लाइटला जोर न्हाय. पर मीटरचं ती भेटंल त्याला इचारती, वाफ हाय का गेली? मग खरी वाफ नको व्हय?"

"आणि माझं नाव गेलं ते?"

"नोडप्पा, तुझं नावच गेलंय. तिचं डोळं चाललंत."

मला राग आला. अजून आहे. मला आधी सांगितलं असतं तर मी काय चौकात दवंडी पिटणार होतो? चाळीस वर्षांची ओळख, आणि मला चौकातल्या चहावाल्याच्या रांगेत बसवलं. पुढच्या आठवड्यात त्यानं गाडी ऑइल बदलायला सोडली. मी हट्टानं मीटर वाळवला, ते भोक बुजवलं, वायसर घातला, काचेला सगळीकडनं सीलबंद केलं. आता घाल म्हटलं पाणी.

सकाळी गाडी न्यायला तो आला तो पद्माक्काला घेऊन. दोघांना बाजारला जायचं होतं. बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, समोर चहावाला. पद्माक्का हातानं चाचपत गाडीजवळ आली, मीटरवर वाकली, बोटानं काच पुसली. परत पुसली.

"दादा," ती मला म्हणाली, "आज तर गेली असंल न्हवं वाफ?"

काच लख्ख होती. काट्याखालचे आकडे मला चष्म्याशिवाय दिसत होते. भरमाण्णा टाकीच्या टोपणाशी चाळा करत उभा होता.

"न्हाय गं आक्का," मी म्हटलं. "लई वाफ हाय. माझ्या हातनं निघंना बघ."

बाकड्यावरची दोघं काचेकडं बघायला लागली, मग माझ्याकडं. चहावाला मोठ्यानं हसला. पद्माक्कानं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून मागं बसली.