ओइवाचा बंपर आणि तळ्यावरची वळणं

यंदा आपण गाडीवरून बूडसुद्धा उचलणार नाही, असं ओइवाने सॉनाच्या वाफेत, चार उघड्याबंब माणसांसमोर छातीठोकपणे जाहीर केलं.

एरवी ओइवा बोलणारा माणूस नव्हे. त्या गावात कुणीच नाही. पण एक गोष्ट त्याला वसंतापासून सलत होती. तळं गोठलं की गावापासून पलीकडच्या दुकानापर्यंत बर्फावरून वाट आखायची, तिच्या कडेने कमरेएवढी स्प्रूसची झुडपं खोचत जायची, हे काम तीस हिवाळे ओइवाचं. पैसे म्हणाल तर पेट्रोलपुरते. पण मान असा की त्या खुणा सोडून कुणी पाऊल बाहेर टाकत नाही. पाद्रीबुवासुद्धा नाही. खुणांच्या आत बर्फ पक्का, बाहेर देव जाणे!

आणि वसंतात रस्ता मंडळाची अध्यक्षा रायली त्याला म्हणाली होती, "ओइवा, तुझा गुडघा गेलाय. दर झुडपाला उतरतोस, लंगडत मागे झुडपं लादलेल्या घसरगाडीपर्यंत जातोस, दोरी सोडतोस. दोन दिवस लागतात तुला. हा एक हिवाळा बघू, मग ठरवू."

ठरवू म्हणजे काय ते ओइवाला न कळायला तो काय दूधखुळा होता? काम यार्क्कोला द्यायचं. यार्क्को म्हणजे ओइवाच्या बायकोच्या बहिणीचा मुलगा. बर्फावर पळणारी नवीकोरी स्नोमोबाइल, चकचकीत हेल्मेट, आणि तोंडात सारखं "काका, तुम्ही आता आराम करा". त्या 'आराम करा'ने ओइवाची तळपायाची आग मस्तकात जायची.

"उठणार नाही म्हणजे?" वरच्या बाकावरून यार्क्कोने विचारलं. "झुडपं उडत येणार का, काका?"

"बघशील," ओइवा म्हणाला.

त्याने आपल्या जुन्या स्नोमोबाइलचा पुढचा बंपर काढून फेकून दिला होता. त्याच्या जागी मोडीत निघालेल्या मासेमारी होडीचा लोखंडी कठडा कापून, वाकवून, जोडून एक नवा बंपर बनवला होता. बंपर कसला, बाळंतिणीची खाट होती ती! त्यात शंभर झुडपं उभी रचायची. बसल्या बसल्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, पुढे हात घालून झुडूप ओढायचं, खोचायचं, चला पुढे. एका दिवसात काम फत्ते.

बायको हिल्का अंगणात येऊन बराच वेळ त्या बंपरकडे बघत राहिली.

"इंजिनाने श्वास कुठून घ्यायचा?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"पुढच्या जाळीतून हवा आत जाते ना? तिथे तू जंगल बांधलंयस."

"बाहेर उणे पंचवीस आहे, हिल्का. आणखी किती गार करायचंय त्याला? शाल काढून घेऊ?"

हिल्का आत निघाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एक कळलं होतं, की ओइवाला सांगण्यापेक्षा कॉफी ठेवणं सोपं.

दुसऱ्या दिवशी ओइवा निघाला. घसरगाडी मुद्दाम घरी ठेवली, म्हणजे कुणी म्हणायला नको की म्हातारा भरवशाला मागे काही घेऊन फिरतो. काठावर यार्क्को दुर्बीण घेऊन उभा होता. ओइवाने त्याच्याकडे बघितलं नाही, पण पाठ जरा जास्तच ताठ केली.

पहिली दहा झुडपं झकास लागली. अकराव्याला तांबडा दिवा लागला.

आता झालं होतं असं. त्या गाड्या दोन गोष्टींवर गार राहतात. पुढच्या जाळीतून येणारी हवा, आणि खालच्या पट्ट्याने उडवलेला भुसभुशीत बर्फ. हवेची वाट झुडपांनी बुजवली होती. आणि वाऱ्याने तळं असं झाडून नेलं होतं की मधल्या सरळ वाटेवर चिमूटभर भुसभुशीत बर्फ नव्हता, नुसता काचेसारखा टणक बर्फ. उणे पंचवीसमध्ये ओइवाचं इंजिन चहाच्या किटलीसारखं वाफ सोडू लागलं.

थांबून झुडपं उतरवावीत, तर ती न्यायची कशात? घसरगाडी घरी. परत जावं, तर काठावर दुर्बीण. ओइवाने डावीकडे बघितलं. बेटाच्या आडोशाला वाऱ्याने बर्फाचा ढीग साचवला होता. त्याने गाडी तिकडे घातली. पट्ट्याने बर्फ उडाला, दिवा विझला. आलोच आहोत तर एक झुडूप इथे खोचू, उद्या येऊन सरळ करू, असं त्याने मनाशी म्हटलं. पुढचा ढीग उजवीकडे लांब, खडकापाशी होता. मग तिकडे. मग परत डावीकडे. गाडी तापेल तशी वाट वळत गेली. जसजसा बंपर रिकामा झाला तसतशी हवा आत जाऊ लागली, आणि शेवटचा तुकडा मात्र दोरी लावून आखावा तसा सरळ आला.

काम एका दिवसात झालं हे खरं. पण सकाळी तो वाट सरळ करायला निघाला, तर झुडपांची बुडं रात्रभरात दगडासारखी गोठलेली. आणि त्या नागमोडी वाटेवरून टपालवाली, शाळेची बाई आणि पाद्रीबुवा रांगेने, प्रत्येक वळणावर इमानाने वळत, चाललेले.

दुकानातल्या कॉफीच्या टेबलापाशी यार्क्को वाट बघतच बसला होता.

"काय हो काका, वाट आखताना डुलकी लागली होती का?"

रायलीने कप खाली ठेवला. ओइवा खरं सांगायलाच आला होता, हे मी शपथेवर सांगतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण यार्क्कोच्या ओठांवरचं ते हसू त्याने बघितलं आणि त्याचं तोंड कडू झालं.

"खाली प्रवाह आहेत," तो म्हणाला. "यंदा सरकलेत, जुन्या वाटेवरचा बर्फ खालून पोखरतायत. तुझ्या हेल्मेटमधून दिसायचे नाहीत."

कुणी हसलं नाही. त्या तळ्यावर बर्फाबद्दल कुणी थापा मारत नाही. बायकोबद्दल, माशाबद्दल, पगाराबद्दल मारतात. बर्फाबद्दल नाही.

"खडकाच्या अलीकडे ना?" रायली हळूच म्हणाली. "आमचे वडील म्हणायचे, तिथे पाणी हलतं."

"आमचं जाळं तिथेच वाहून गेलं होतं," टपालवाली म्हणाली.

बघता बघता प्रत्येकाला आपापला प्रवाह आठवला. दुकानातल्या बाईने ओइवाला वेलचीचा पाव फुकट दिला. यार्क्कोने मान खाली घातली. ओइवाला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि पाव मात्र त्याने न खाताच खिशात सारला.

तो हिवाळा अख्खं गाव वळत राहिलं. पेट्रोल दीडपट जळलं. हिल्का दर शनिवारी त्याच वाटेने बहिणीकडून परत आली की कंबर धरून बसायची.

"तुझ्या प्रवाहांनी माझं कंबरडं मोडलं," ती म्हणायची. तिला सगळं ठाऊक होतं. "सांगून टाक एकदाचं."

"मंडळाची बैठक होऊ दे. काम माझ्याकडे राहिलं की पुढच्या वर्षी प्रवाह परत जागेवर जातील."

वसंतात बैठक झाली. रायली उठली आणि तिने ओइवाचं असं कौतुक केलं, असं केलं, की माणूस मेल्यावरच करतात. हा डोळा दुसऱ्या कुणाकडे नाही. या वाटेने किती जीव वाचले असतील, मोजता यायचे नाहीत. इथून पुढे दर वर्षी वाट याच वळणांनी जाईल, तसा ठराव.

ओइवाने कॉलर सैल केली.

"पण," रायली म्हणाली, "वाट आता दीडपट लांब झालीय. तेवढी झुडपं, तेवढी रपेट. ओइवा, तुझ्या गाडीला आणि गुडघ्याला हे झेपायचं नाही. तेव्हा यंदापासून यार्क्को."

टाळ्या वाजल्या. ओइवाने तोंड उघडलं. सरळ वाट मला झेपते, सरळ वाटेला काही झालेलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की तो बर्फाबद्दल खोटं बोलणारा माणूस ठरणार होता, आणि तशा माणसाच्या हातात ते गाव काडीसुद्धा देणार नाही. त्याने उघडलेल्या तोंडात केक घातला.

डिसेंबरात यार्क्को अंगणात आला. हेल्मेट काढून हातात धरलं होतं.

"काका, तो बंपर द्याल का? झुडपं रचायला तसं दुसरं काही नाही."

ओइवाने बंपर दिला. दिला काय, स्वतः वाकून, गुडघा ठणकत असताना, नव्या गाडीला बोल्ट आवळून दिला. झुडपं रचायला मदत केली, चांगली दाट. हवेबद्दल अवाक्षर काढलं नाही. उलट म्हणाला, "घसरगाडी कशाला नेतोस? ओझं नुसतं."

मग त्याने दुर्बीण काढली आणि खिडकीत खुर्ची टाकली. इतक्या आतुरतेने त्याने आयुष्यात कशाची वाट पाहिली नव्हती. अकराव्या झुडपाला यार्क्को डावीकडे वळला. बेटापाशी थांबला, खोचलं, निघाला. खडकाकडे गेला. परत डावीकडे. वाफ नाही. ओइवाने दुर्बिणीची काच पुसली. वाफ नाही. दुपारपर्यंत यार्क्को पलीकडच्या काठावर पोचला आणि त्याने हात हलवला.

"तापली कशी नाही?" ओइवा पुटपुटला. "हवा तर सगळी कोंडली होती."

हिल्काने त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

"तापेल कशी?" ती म्हणाली. "अख्ख्या तळ्यावरचे बर्फाचे ढीग हुडकून वाट तर तूच आखून दिलीयस त्याला."