थॉमसराव होडीला मोटार बसवतात

"वल्ह्याला हात लावायचा न्हाई म्हंजे न्हाई!" हन्नाबाईंनी नवऱ्याला पुन्हा बजावलं. "डॉक्टर काय म्हनले? आता मणका सरकला तर उभं ऱ्हाताना बी दुसऱ्याचा हात लागंल."

थॉमसराव साळवे कंबरेला पट्टा आवळून ओट्यावर बसले होते. आयुष्यभर एस.टी. चालवून ते निवृत्त झाले आणि श्रीगोंद्याजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले. गावाला लागूनच तलाव. हौसेनं एक लहानशी फायबरची होडी घेतली. रोज सकाळी ती वल्हवत मधल्या बेटापर्यंत जायचं, गळ टाकून बसायचं, एवढंच त्यांचं सुख. मणक्यानं तेही हिरावून घेतलं.

"मी वल्हं मारनारच न्हाई," थॉमसराव शांतपणे म्हणाले. "होडीला मोटार बसवनार. बॅटरीवरची."

गावात बॅटऱ्यांचं दुकान चालवणारा गोरक्षनाथ हा त्यांचा मित्र. दोघांनी मोबाईलवर मोटारी पाहायला सुरुवात केली आणि पहिल्याच मोटारीला वाद झाला.

"हिची ताकद पंचावन्न पौंड," गोरक्षनाथानं वाचलं.

"पौंड? पौंडावर पाव मिळायचा. हॉर्सपॉवर सांग."

"ह्यात पौंडच असत्यात. पंचावन्न पौंड म्हंजे पंचवीस किलोचा रेटा."

"पंचवीस किलोनं होडी, बॅटरी आन् मी? अरं, म्या घाटात साठ मानसं चढवल्यात. मला खुळा समजतो का?"

"थॉमसराव, तळ्यात घाट कुठाय?"

हे थॉमसरावांना पटलं; पण पूर्ण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाण्यात जाणारा, खाली पंखा असलेला मोटारीचा दांडा लांब घ्यायचा की आखूड, यावर ते अडून बसले. "पानी खोल, म्हंजे दांडा लांब." गोरक्षनाथ म्हणाला की दांडा होडीच्या उंचीवर ठरतो, पाण्याच्या खोलीवर नाही. पण गिऱ्हाईक आणि मित्र एकच माणूस असला की फार ताणता येत नाही. दांडा लांबच आला.

मोटार होडीच्या मागच्या फळीला स्क्रूच्या शिकंज्यानं आवळायची होती. फायबरची ती फळी इतकी पातळ की शिकंजा आवळताच ती कुरकुरली. म्हणून आतून बाभळीचा जाड तक्ता लावला. मग शिकंजाच एवढा उघडेना. तक्ता तासला, पुन्हा लावला, एकदाची मोटार बसली. तिच्या शेजारी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी ठेवली आणि थॉमसराव मोटार वळवायची दांडी धरून मागे बसले.

होडीचं पुढचं टोक आभाळाकडं गेलं.

"पुढं वजन पायजे," काठावरून गोरक्षनाथ म्हणाला. "मुरमाच्या दोन गोन्या आनतो घरून."

नेमक्या त्याच वेळी हन्नाबाई डबा घेऊन आल्या. थॉमसरावांनी त्यांच्याकडं आशेनं पाहिलं.

"अगं, जरा पुढं बसतीस? पाचच मिन्टं."

"म्हंजे मी मुरमाची गोनी का?"

"तसं न्हाई. गोनीला काय तळं दाखवायचं? तुला दाखवतो."

पाण्याची भीती असूनही हन्नाबाई बसल्या, ते नवऱ्याच्या मणक्यावर लक्ष ठेवायला. टोक खाली आलं. गोरक्षनाथानं होडी ढकलली, थॉमसरावांनी दांडीची मूठ पिळली, आणि होडी आवाज न करता निघाली. थॉमसरावांचा चेहरा नव्या गाडीची किल्ली मिळाल्यासारखा खुलला.

पुढं पाण्यावर रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. त्या भिमाजीच्या जाळ्याच्या. भिमाजी मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. हौशी लोकांना तळ्यात उतरू द्यायचं की नाही, हे त्याच्या शब्दावर होतं, आणि त्याचा शब्द साधा होता: जाळ्याला धक्का लागला तर होडी कायमची काठावर पालथी.

"आवं, बाटल्या!" हन्नाबाई ओरडल्या. "डावीकडं घ्या!"

थॉमसरावांनी दांडी डावीकडं नेली. होडी उजवीकडं वळली, थेट बाटल्यांकडं. त्यांनी दांडी आणखी डावीकडं दाबली. होडी आणखी उजवीकडं गेली. "उलटी फिरवा!" काठावरून गोरक्षनाथ बोंबलत होता, पण ज्या हातांनी आयुष्यभर डावीकडं जायला डावीकडंच वळवलं, ते हात ऐकेनात. शेवटी थॉमसरावांनी उजव्या पायानं कचकन ब्रेक दाबला. होडीला ब्रेक नव्हता. पाय मासे ठेवायच्या बादलीत गेला.

लांब दांड्याचा पंखा खोलवर फिरत होता. त्यानं जाळं गोळा केलं, घुर्र केलं आणि मोटार थांबली.

भिमाजी आपली होडी वल्हवत आला. हातात विळा होता आणि चेहरा विळ्यापेक्षा वाकडा होता.

"डायवरसाहेब, रस्ता सोडून शेतात गाडी घातली व्हय? आता जाळं कापाया लागंल. आन् उद्यापासून तुमी काठावर."

थॉमसरावांचा पाय अजून बादलीत होता. सकाळचं बेट, गळ, शांतता, सगळं त्यांना डोळ्यांसमोरून जाताना दिसलं.

"थांबा भाऊ, कापू नका," हन्नाबाई म्हणाल्या. "आवं, तुमी पुढं या. मी मागं येते."

दोघं साठीपुढचे, होडी पाळण्याएवढी. मधोमध दोघं रांगत एकमेकांना ओलांडताना होडीनं जे हेलकावे खाल्ले, ते पाहून भिमाजीनंही श्वास रोखला. हन्नाबाईंनी मोटार वर उचलून घेतली आणि पंख्यात बोटं घातली. चर्चमधल्या टेबलांचे क्रोशाचे रुमाल त्याच विणत. गुंता दिसला की आधी टोक शोधायचं, ओढायचं नाही, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. भिमाजी विळा धरून बघत राहिला. बऱ्याच वेळानं जाळं सुटून पाण्यात गेलं. एकही धागा तुटला नव्हता.

"बांधून नेऊ का काठापोत्तर?" भिमाजीनं विचारलं. आवाज उतरला होता.

"कशाला? ही दांडी तिकडं ढकलली की होडी इकडं येती, एवढंच ना?" हन्नाबाईंनी मोटार खाली सोडली.

आयुष्यात त्यांनी सायकलही चालवली नव्हती, त्यामुळं मोडावी लागेल अशी सवयच हातांना नव्हती. दोनदा होडी नागमोडी गेली, मग सरळ झाली. "डावीकडं! डावीकडं!" थॉमसराव पुढून सांगत होते. हन्नाबाई दांडी उजवीकडं ढकलत होत्या आणि होडी डावीकडं जात होती. काठाला ती अशी अलगद टेकली की गोरक्षनाथानं टाळी वाजवली.

भिमाजी मागोमाग आला. थॉमसराव मान खाली घालून उभे राहिले.

"होडी ऱ्हाऊ द्या पान्यात," तो म्हणाला. "पर दांडी वैनींच्या हातात."

तेव्हापासून रोज सकाळी दोघं निघतात. थॉमसराव पुढं गळ घेऊन बसतात. गाडीत पुढं बसून नुसतं बघायचं सुख त्यांना कधी मिळालंच नव्हतं. बेटावर किती तऱ्हेचे बगळे उतरतात, हे त्यांना आत्ता कळतंय.

परवा मात्र संध्याकाळी भिमाजीच घरी आला. भिमाजी टोपी काढून, घुटमळत बसला.

"जाळ्याचं काय झालं का?" थॉमसरावांनी विचारलं.

"न्हाई न्हाई. आमच्या बी खांद्यांनी जवाब दिलाय, डायवरसाहेब. सोसायटीनं तसलीच मोटार मागिवलीय. चालवाय शिकायचंय."

थॉमसराव ताठ झाले. पट्टा सैल करून म्हणाले, "मग उद्या सकाळीच या. मी शिकवतो. सगळ्यात आधी ध्यानात ठेवा..."

भिमाजीनं अदबीनं मान डोलावली आणि आतल्या दाराकडं नजर टाकली.

"तुमचं खरंय, साहेब. वैनी घरात हायत न्हवं?"

थॉमसरावांनी पट्टा पुन्हा आवळला. मग आत हाक मारली, "अगं, तुझा इद्यार्थी आलाय!" आणि स्वतः चहाचं आधण ठेवायला उठले.